माळवदावरचे आकाश

चित्रकलेच्या मास्तराला एक गोष्ट इतर मास्तरांच्या आधी कळते : वर्गातल्या रंगपेट्यांतला निळा रंग सर्वांत आधी संपतो. मी छत्तीस वर्षे धाराशिवात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, मुलांना चित्रकला शिकविली. विषय ‘सहल’ असो, ‘शेतकरी’ असो की ‘माझी शाळा’ असो. पोरे आधी कागदाचा वरचा अर्धा भाग निळ्या रंगाने फासून मोकळी होत. मग दोन डोंगर, मध्ये पिवळा सूर्य आणि चार काळे पक्षी. सूर्य दोन डोंगरांच्या मधूनच उगवला पाहिजे, असे एखादे सरकारी परिपत्रक निघाले असावे आणि ते माझ्याच टेबलापर्यंत पोचायचे राहिले असावे, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती.

रात्रीचे आकाश मात्र या छत्तीस वर्षांत फारसे कुणी काढले नाही. काळ्या रंगाची वडी पेटीत कोरी करकरीत राही. फार तर माणसांचे केस आणि छत्र्या रंगविण्यापुरती तिची आठवण होई. आणि खरे सांगायचे तर, काढा असे मीही कधी सांगितले नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांकडून मी बाजार काढून घेतला, जत्रा काढून घेतली, तुळजापूरच्या देवळाच्या पायऱ्या काढून घेतल्या. पण ‘चांदणी रात्र’ हा विषय फळ्यावर लिहायला माझा हात कधी उचलला नाही. त्याला एक कारण होते. ते ओघाने पुढे येईलच.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमची नात पुण्याहून आली. ती नववीत आहे. पूर्वी नाती आजोळी येत त्या बाहुली घेऊन. ही आली ती मांडीवरचा कॉम्प्युटर घेऊन. फराळाचे ताट बाजूला सारून ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली,

“आजोबा, मला आता स्पेस आर्ट येतं. तुम्हाला आकाश काढून दाखवू?”

“दाखव. पाणी आणू का?”

“पाणी कशाला?”

“ब्रश धुवायला.”

ती इतकी हसली, की स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती चकलीचा सोऱ्या हातात घेऊनच बाहेर आल्या. हसण्याचे कारण कळल्यावर त्यांनी आपले मत दिले, “पाणी नाही, रंग नाही, म्हणजे निदान चादरीला डाग तरी पडणार नाहीत. तुम्हीही हेच शिका.” आमच्या संसारातल्या किती चादरी कलेच्या कामी आल्या, याचा हिशोब त्यांना तोंडपाठ आहे.

मी चश्मा पुसून बसलो. मनात म्हटले, पोर दोन ठिपके मारील आणि आपण ‘वा वा’ म्हणू. आजोबांचे कामच ते. पण पहिल्याच पायरीला मी सावरून बसलो. तिने आधी सगळा कागद काळा केला. निळा नव्हे, जांभळा नव्हे, ठार काळा. छत्तीस वर्षांत जी वडी कुणी घासली नाही, ती या पोरीने एका बोटाने कागदभर पसरली!

मग तिने ‘नॉईज’ नावाची काही किमया केली. त्यासरशी काळोखभर करडे कण उडाले, जणू जात्याभोवती पीठ उडावे. मी विचारले, “हे काय? आकाश धुळीने भरले की!” ती म्हणाली, “थांबा तर.” तिने ‘लेव्हल्स’ची पट्टी हळूच सरकविली. मंद होते ते कण एकेक करून काळोखात बुडाले आणि उजळ होते तेवढेच उरले. पाहता पाहता शेकडो तारे लुकलुकू लागले. तिने एकही तारा काढला नव्हता. सुपात धान्य पाखडावे तसे ते पाखडून काढले होते.

त्यानंतर आले ढग. कॉम्प्युटर स्वतःच धुरकट ढग तयार करतो; ते ‘लेयर’वर, म्हणजे निराळ्या थरावर असतात. आम्ही एका चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून दुसरे गिरवीत असू, तसाच हा प्रकार; फरक एवढाच, की हे कागद हवे तितके पारदर्शक करता येतात आणि नको असला तर मधलाच एक काढून फेकता येतो. एका थरावर तिने तांबडा ढग ठेवला, दुसऱ्यावर निळा. मी मनात म्हटले, आता चिखल होणार. रंगांच्या बाबतीत माझा जन्माचा अनुभव तोच आहे. तांबड्यात हिरवा पडला, की तपकिरी. त्यात निळा पडला, की नाल्याचे पाणी. पोरांच्या पेल्यांत तो रंग मी रोज पाहिला आहे.

नातीने थराची जात ‘स्क्रीन’ अशी केली. चिखल झाला नाही. जिथे तांबड्यावर निळा आला तिथे जांभळट उजेड फुटला. जिथे हिरवा आला तिथे पिवळा झाला. आणि जिथे तिन्ही एकवटले तिथे शुभ्र पांढरा. मी थक्क होऊन पाहत राहिलो. प्रकाशाचे रंग मिसळले की उजळतात आणि मातीचे रंग मिसळले की मळतात, हे वाक्य मी दर वर्षी रंगचक्राच्या तासाला म्हणत आलो होतो. पण ते नुसतेच म्हणत आलो होतो, हे मला सत्तराव्या वर्षी कळले! ‘स्क्रीन’ हे नावही मोठे अन्वर्थक आहे. एका पांढऱ्या पडद्यावर दोन दिव्यांतून दोन चित्रे पाडावीत; एकीतला काळोख दुसरीला अडवीत नाही आणि एकीतला उजेड दुसरीत भर घालतो, तसा हा हिशोब.

शेवटची पायरी चमक आणण्याची. इथे मला वाटले, पोरगी अडणार. कारण तारा म्हणजे पांढरा ठिपका, आणि पांढऱ्याहून पांढरे पडद्यावर काहीच नसते. मग तो झळाळणार कसा? तिने काय करावे? ताऱ्यांच्या थराची एक नक्कल केली, ती धुक्यासारखी पुसट केली, आणि मूळ ताऱ्यांवर अलगद ठेवून दिली. झाले! तारा होता तेवढाच राहिला. पण त्याच्याभोवती अंधुक वलय आले आणि डोळ्यांना तो झळाळलासा वाटू लागला. आकाशकंदिलात दिवा एवढासाच असतो. पण त्याचा उजेड कागदात झिरपतो म्हणून सारा कंदील तेवतो. तेच हे.

मी ‘वा वा’ म्हणालो, आणि या खेपेस ते मनापासून होते. पण मास्तराची जात! तोंडातून पुढे निघून गेलेच, “फार सुरेख आहे, बाळ. पण हे आकाश खोटे आहे.”

नातीचा चेहरा पडला. मला वाईट वाटले. पण माझ्या म्हणण्याला आधार होता. आमच्या गावात आजकाल एकही चौक असा नाही, की जिथे झगमगत्या किरणांचा फ्लेक्स लागलेला नाही. कुणाचा वाढदिवस असला तरी डोक्यामागे तेजोवलय आणि कुणी वारला तरी तेच तेजोवलय. नेत्यांच्या पाठीमागे आकाशगंगा फिरत असतात. कालपर्यंत माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा एक उद्योगी मुलगा आज ही फलके तयार करतो, मला वाटेत भेटला, की वाकून नमस्कार करतो आणि म्हणतो, “सर, पब्लिकला ग्लो पाहिजे.” तो ग्लो पाहून पाहून माझे डोळे विटले होते. मुलाबाळांचे डोळेही याच उजेडाने दिपणार, ही धास्ती माझ्या बोलण्यात होती.

पण नववीतली मुलगी ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. तिने लगेच एक चित्र उघडले. काळ्यानिळ्या पोकळीतून उभे राहिलेले मातकट धुराचे तीन प्रचंड खांब. १९९५ साली हबल दुर्बिणीने टिपलेले हे चित्र तुम्हीही कुठे ना कुठे पाहिले असेल. ‘सृष्टीचे स्तंभ’ अशा अर्थाचे नाव त्याला पडले आहे. ते खांब आपल्यापासून सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर आहेत आणि त्यांच्या पोटात नवे तारे जन्म घेत आहेत.

“हे खरं का खोटं?” तिने विचारले.

“हे खरे.”

“मग हे ऐका. दुर्बिणीनं फोटो काढले ते काळे-पांढरे. वेगवेगळ्या गाळण्या लावून. गंधकाच्या उजेडाचा एक, हायड्रोजनचा एक, ऑक्सिजनचा एक. नंतर माणसांनी बसून गंधकाला तांबडा रंग दिला, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा. खरा हायड्रोजनसुद्धा तांबडाच चमकतो, पण दोघांना तांबडा दिला तर कोण कुठला ते कळणार कसं? म्हणून. आता सांगा!”

मी काय सांगणार? तिचे वकीलपत्र मलाच घ्यावेसे वाटले. मला आठवला चेस्ली बोनस्टेल. हा अमेरिकन चित्रकार. १९४४ साली ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याची शनीची चित्रे छापून आली. शनीच्या चंद्रांवर उभे राहिले तर शनी कसा दिसेल, हे त्याने गणित करून रंगविले होते. त्या वेळी मनुष्य चंद्रावर सोडा, पृथ्वीच्या वातावरणाबाहेरही गेला नव्हता. न पाहिलेले त्याने काढले. पण वाटेल तसे काढले नाही. आणि ज्या फोटोशॉपवर नात आकाश पाखडीत होती ते तरी कुणाचे? थॉमस नोल हा मिशिगन विद्यापीठातला विद्यार्थी आणि जॉन नोल हा सिनेमातली अंतराळे उभी करणाऱ्या कंपनीत काम करणारा त्याचा भाऊ, या दोघांच्या खटपटीतून ते निघाले आणि १९९० साली बाजारात आले. म्हणजे त्याच्या जन्मपत्रिकेतच एक भाऊ विद्येचा आणि एक भाऊ कल्पनेचा आहे!

दोन भाऊ. हा विचार मनात आला आणि मी गप्प झालो.

नातीला वाटले, आजोबा हरले. ती खुशीत येऊन म्हणाली, “बरं, तुम्हाला खरं आकाश पाहिजे ना? माझ्याकडे स्टेलेरियम आहे. त्यात गाव घातलं, तारीख घातली, वेळ घातली, की त्या वेळचे तारे जसेच्या तसे दिसतात. जुन्या तारखासुद्धा चालतात. मग त्याच्यावर ग्लो देऊ. सांगा, कुठली तारीख घालू?”

माझ्या तोंडून उत्तर असे निघाले, की जणू ते बत्तीस वर्षे जिभेवरच ठेवलेले होते.

“३० सप्टेंबर १९९३. पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटे.”

तिची बोटे थांबली. ती तारीख आमच्या जिल्ह्यात पोरासोरांनाही ठाऊक असते. पण ती वाढली पुण्यात. तिला मला सांगावे लागले.

आमचे मूळ गाव तेव्हाच्या उमरगा तालुक्यात, सास्तूरच्या बाजूला. घर मराठवाड्यातल्या घरांसारखेच : मातीत रचलेल्या दगडांच्या हातहात रुंद भिंती, सागवानी खांब, आणि वर माळवद. ज्यांनी माळवद पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो, लाकडी तुळया आणि फळ्या टाकून त्यांवर मातीचा जाड थर चोपून केलेले ते सपाट छप्पर. उन्हाळ्यात घर त्याच्यामुळे गार राही, आणि रात्री सारे घर अंथरुणे घेऊन माळवदावर जाई. चैत्रात जेवणे झाली, की माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, दोन वाकळा टाकीत. एक त्यांची, एक माझी. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी जेमतेम पाच वर्षांचा असेन. पश्चिमेकडे बोट करून ते म्हणत, “ते बघ तिकांडे. तो व्याधाचा बाण. तो मृगाच्या पोटात शिरलाय. आणि त्याच्या उजवीकडे खाली तांबडी दिसते ना, ती रोहिणी.” मला ती कधीच पहिल्या खेपेस सापडत नसे. मग ते माझी हनुवटी धरून मान वळवीत. रोहिणी म्हटले, की मला अजूनही हनुवटीला त्यांच्या बोटांचा खरखरीतपणा जाणवतो. चित्रकला माझ्या वाट्याला आली. पण पाहायला मला अण्णांनी शिकविले.

पुढे मी शिकून नोकरीला लागलो, अण्णा शेतीत राहिले. १९९३च्या गणपतीत वहिनी लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी सोलापूरला गेल्या होत्या. अण्णांचे कार्ड आले : ‘या साली विसर्जनाला ये. मी एकटाच आहे.’ शाळेच्या मिरवणुकीचा देखावा माझ्याकडे होता. मी उत्तर टाकले : ‘दसऱ्याला येतो.’

अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून मी रात्री उशिरा घरी आलो. पहाटे भांडी खणखणली, पलंग हलला. सारी गल्ली रस्त्यावर धावली. शहर वाचले. उजाडल्यावर बातम्या येऊ लागल्या. किल्लारी, सास्तूर, एकेक नाव. मिळेल त्या वाहनाने मी गावी पोचलो, तेव्हा आमच्या घराच्या जागी दगडमातीचा ढीग होता. पावसाचे दिवस म्हणून अण्णा आत निजले होते. जे माळवद आम्हाला उन्हाळ्यात आकाश दाखवी, तेच त्यांच्या अंगावर आले होते. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतली पन्नासाच्या वर गावे त्या पहाटे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे गेली. त्यांतला आमचा एक.

त्यानंतर कित्येक महिने लोक घरात निजायला धजत नव्हते. मीही मुलाबाळांना घेऊन अंगणात निजत असे. वर सारे आकाश उघडे असे आणि मी कुशीवर वळून भिंतीकडे पाहत असे. ‘चांदणी रात्र’ हा विषय मी फळ्यावर का लिहिला नाही, ते आता सांगून झाले.

नात काही बोलली नाही. तिने मुकाट्याने गाव घातले, तारीख घातली, वेळ घातली. आणि पडद्यावर त्या पहाटेचे आकाश उघडले.

कृत्तिकांचा पुंजका जवळजवळ डोक्यावर होता. त्याच्या शेजारी रोहिणी. पूर्वेकडे मृग चांगला वर चढलेला, तिकांडे लखलखीत, आणि त्याच्या खाली आग्नेयेला व्याध. अण्णांनी ज्या ज्या ताऱ्यांवर बोट ठेवले होते ते सारे, जणू बोलावल्यासारखे, आमच्या गावावर येऊन उभे होते. आणि पश्चिमेला, बराच खाली उतरलेला, पौर्णिमेला टेकलेला चंद्र.

चंद्र! बत्तीस वर्षांत मला हे सुचले नव्हते, की त्या पहाटे चांदणे असणार. आदल्या दिवशी चतुर्दशी, म्हणजे पाठोपाठ पौर्णिमा. हिशोब साधा होता. पण माझ्या मनातली ती रात्र ठार काळी होती. त्या वेळी तिथे ढग होते की नव्हते, ते कॉम्प्युटर सांगत नाही. पण नसतील, तर त्याच चंद्राच्या उजेडात लोकांनी हातांनी दगड उपसले असतील. कुणीतरी आमच्या दारातही आले असेल. ठार काळोखात कुणी आले नसते, असे मला उगीचच वाटले, आणि उगीचच थोडे बरेही वाटले.

“आजोबा,” नात हळूच म्हणाली, “आपण हे काढू या का?”

मग चार दिवस आम्ही आजोबा-नात त्या एका चित्रापाशी बसलो. तारे तिने पाखडून काढले नाहीत. स्टेलेरियममध्ये पाहून एकेक जागच्या जागी ठेवला. रोहिणीला तांबूस छटा दिली, व्याधाला निळसर. खाली मी माळवद काढले. आयुष्यात पहिल्यांदा मी पाण्यावाचून रंगविले. हात थरथरे आणि रेघ वाकडी जाई; पण वाकडी गेलेली रेघ इथे परत मागे घेता येते, ही सोय देवाने कॉम्प्युटरला दिली आणि माणसाला दिली नाही, एवढे मात्र त्या चार दिवसांत वारंवार मनात आले. माळवदावर मी दोन वाकळा काढल्या. वाकळांवर कुणी काढले नाही.

भांडण झाले ते एकाच गोष्टीवरून. नात म्हणाली, “चंद्र काढून टाकू. त्याच्यामुळे आकाश करडं होतं आणि सगळा ग्लो मरतो. काळोख असला तरच तारे चमकतात.” तिचे म्हणणे चित्रकाराचे होते आणि अगदी बिनतोड होते. एरवी मीही तेच म्हटले असते. पण मी चंद्र हलू दिला नाही. तारे मंद झाले तर होऊ देत, म्हटले. शेवटी तिनेच तोड काढली : इतर ताऱ्यांची वलये निम्म्याहून खाली आणली आणि एकट्या रोहिणीला नीट चमक दिली. मी काही सांगितले नव्हते. पोरीच्या लक्षात आले होते.

रोहिणीचे एक तिला मी सांगितले. तो तारा आपल्यापासून सुमारे पासष्ट प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज रात्री तिचा जो उजेड आपल्या डोळ्यांत शिरेल, तो तिथून निघाला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, आणि कुणीतरी माझी हनुवटी धरून मान तिच्याकडे वळवीत होते. नात क्षणभर गप्प राहिली. मग तिने ते वलय आणखी एका रेसभर मोठे केले.

आता हे आकाश खरे का खोटे? वलय खोटेच आहे. इतके मोठे कुणाला दिसत नाही. पण हबलच्या चित्रातला हिरवा रंग जसा काही सांगण्यासाठी दिला होता, तसे हेही काही सांगण्यासाठी दिले होते. चौकातल्या फ्लेक्सवरचे तेज कुणाच्याही डोक्यामागे चालते. हे दुसऱ्या कुठल्या ताऱ्याला चालले नसते. माझा आक्षेप चमकण्यावर नव्हताच, कुणासाठी चमकते याचा पत्ता नसण्यावर होता, हे मला नातीशी भांडता भांडता उमगले.

चित्र आम्ही माझ्या त्या जुन्या विद्यार्थ्याकडे छापायला नेले. त्याने ते पडद्यावर उघडले, आणि सवयीने म्हणाला, “सर, थोडा ग्लो वाढवू?” मग चित्र नीट पाहिले, तारीख पाहिली, आणि पुढे काही विचारले नाही. पैसेही घेईना, ते बळेच द्यावे लागले.

वहिनी दिवाळीचे चार दिवस आमच्याकडे असतात. एरवी पुनर्वसनातल्या घरात राहतात. आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना चित्र दाखवावे की न दाखवावे, यावर आमच्या घरात दोन रात्री खल झाला. सौभाग्यवती म्हणाल्या, “सणासुदीचं नको.” नात म्हणाली, “दाखवायचंच.” मी आपला दोन्हीकडून मान हलवीत होतो. शेवटी पाडव्याच्या संध्याकाळी वहिनींनीच भिंतीला टेकवून ठेवलेले ते चित्र पाहिले.

त्यांनी चश्मा लावला. पुष्कळ वेळ पाहिले. चंद्रावर बोट फिरविले, वाकळांवर फिरविले. आम्ही सारे श्वास धरून उभे. मग त्या माझ्याकडे वळल्या.

“भाऊजी, झरोका कुठाय हो?”

मी चमकलो. खरेच की! माळवदाला मधोमध झरोका असे. घरात उजेड यावा आणि चुलीचा धूर जावा म्हणून. आम्ही वर निजत असू तेव्हा खालच्या कंदिलाचा उजेड त्या झरोक्यातून वर येई आणि माळवदावर एक पिवळा चौकोन तेवत राही. अण्णांना सारे आकाश पाठ होते, मलाही बरेच आठवले होते. पण घरातल्या त्या उजेडाची आठवण जिने रोज रात्री कंदील लावला तिलाच राहिली होती.

“मी वात बारीक करून ठेवत असे,” वहिनी म्हणाल्या. “अंधारात जिन्याला ठेच लागू नये म्हणून. तुम्ही रात्री पाणी प्यायला उतरत होतात ना.”

नातीने तिथल्या तिथे कॉम्प्युटर उघडला. एक नवा थर घेतला, जात ‘स्क्रीन’ केली. माळवदाच्या मधोमध पिवळा चौकोन ठेवला. तो पुसट केला, आणखी पुसट केला. वहिनी तिच्या खांद्याशी बसून सांगत होत्या, “इतका नको. बारीक वात म्हटलं ना मी. हं... अजून थोडा. पुरे.” पंचाहत्तर वर्षांची बाई चौदा वर्षांच्या मुलीला ग्लो किती असावा ते शिकवीत होती, आणि आयुष्यभर चित्रकला शिकविलेला मी बाजूला उभा राहून पाहत होतो.

बाहेर पोरांचे फटाके चालले होते. दारातल्या पणत्यांतले तेल संपत आले म्हणून सौभाग्यवती ते घालायला उठल्या. पडद्यावर चंद्र होता, रोहिणी होती, आणि खाली काळ्या माळवदावर तो एवढासा पिवळा उजेड तेवत होता.

वहिनींनी चश्मा काढून पदराने पुसला.

“आता घरात कुणीतरी जागं आहे असं वाटतं,” त्या म्हणाल्या.